दुधाच्या मापात गाडीचं तेल

आमचं घर रत्नागिरीजवळ भाट्याच्या बाजूला, रस्त्याच्या खाली आहे. रस्त्यावरून घराकडे यायला जांभ्याचा एक उतार आहे आणि परत जायला तोच चढ. माणूस असो, म्हैस असो की गाडी असो, आमच्याकडून बाहेर पडायचं तर हा चढ चढावाच लागतो. दिवाळीनंतर माझ्या मुलाची गाडी या चढावर अडकायला लागली. खालून बरी निघायची, अर्ध्यावर आली की इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. थोडा वेळ उभी ठेवली, गार झाली, की पुन्हा चालायची. तोवर मुलगा जाऊन काही महिने झाले होते. गाडी माझी सून चालवत होती.

गाडी आली कशी ते आधी सांगते. मुलगा मच्छीच्या ट्रॉलरवर इंजिन बघायचा. एकदा जाळं ओढताना विंचच्या दोरात त्याचा डावा पाय सापडला. घोट्याच्या वरून कापावा लागला. बोटीचं काम संपलं. नंतर बरेच दिवस तो पडवीत बसून राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसत राहिला. मी त्याला एकदा म्हटलं, पाय गेलाय, जीभ शाबूत आहे, ती तरी जपून वापर. मग त्याला कोणीतरी सांगितलं की दोनच पेडलांची गाडी मिळते, तिला डावा पाय लागत नाही. मुंबईतल्या एका ओळखीच्या माणसाची जुनी ऑटोमॅटिक गाडी त्याने घेतली. गिअर आपोआप पडतात, क्लच नाही. तिच्यावर तो रेल्वे स्टेशनची भाडी मारायला लागला आणि पुन्हा माणसात आला.

सुनेलाही त्यानेच गाडी शिकवली, किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूत. तिला दोन्ही पाय असल्यामुळे तिची पंचाईत व्हायची. डावा पाय रिकामा, तो जाऊन ब्रेकवर पडायचा आणि गाडी आचका देऊन थांबायची. मी नातीला मांडीवर घेऊन मागे बसलेली असायचे, ती पुढे आपटायचे. शेवटी तो वैतागून बायकोला म्हणाला, “डावा पाय माझ्यासारखा कर. तो नाहीच असं समज.” तेव्हापासून ती डावा पाय मागे, सीटखाली दुमडून घेते आणि एका पायाने गाडी चालवते. क्लचची गाडी तिला येत नाही. ती शिकायची तिने इच्छाही केली नाही.

गेल्या पावसाळ्यात मुलाला ताप आला. साधा ताप म्हणून आम्ही काढा देत बसलो. डोळे पिवळे झाले तेव्हा इस्पितळात नेला. सुनेनेच गाडी चालवत नेला. डॉक्टरांनी लेप्टो म्हणून सांगितलं आणि उशीर झाला असंही सांगितलं. तो तिथून परत आला नाही. मी त्यावर जास्त लिहिणार नाही. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांच्या घरात झालं नाही त्यांना वाचून कळणार नाही.

सून रत्नागिरीत एका कापडाच्या दुकानात उभी राहायची. दिवसभर साड्या उलगडायच्या आणि परत घडी घालायच्या. तिचं माहेर लांज्याजवळ. माघात तिथल्या एका काजूवाल्याचा तिला निरोप आला. भाजून फोडलेले काजूगर गावोगावच्या बायकांकडे सोलायला पोचवायचे आणि सोललेले गोळा करून आणायचे, असं काम होतं. बायकांच्या घरात आतपर्यंत जायचं म्हणून त्याला बाई हवी होती, आणि गाडी स्वतःची असलेली बाई हवी होती. पगार दुकानापेक्षा बरा. राहायला माहेर, नातीला सांभाळायला तिची आजी. म्हणजे दुसरी आजी. काजूवाला शिमग्यापर्यंत थांबायला तयार होता.

सुनेने मला हे जेवताना सांगितलं. गाडी नीट झाली तर जाते, नाही झाली तर दुकान आहेच, असं म्हणाली. गाडीच्या गिअरची पेटी गेली असेल तर ती बदलायला गाडीच्या किमतीहून जास्त लागेल हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. मग गाडी भंगारात. सगळं त्या पेटीवर येऊन थांबलं होतं. पेटी गेली असेल तर सून आणि नात माझ्याकडे राहणार. पेटी वाचली असेल तर त्या जाणार.

मी भात कालवत राहिले. कोणाच्या तोंडावर काय बोलायचं ते मी बोलते, आमची सगळी वाडी त्याची साक्ष देईल. पण या गोष्टीवर माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. नंतर ती भांडी घासायला गेली तेव्हा मी एकटीच मनात म्हटलं, जाऊ दे ती पेटी. मोडू दे.

आता गाडी गार असतानाही चढ चढेना, म्हणून ती गॅरेजला न्यायची कशी हा प्रश्न होता. म्हणून मेकॅनिकच घरी आला. हा माझ्या मुलाचा दोस्त. आधी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, आता गाड्यांची करतो. आल्याआल्या त्याने बॉनेट उघडलं, तेल बघायची एक लांब पट्टी बाहेर काढली, तिला लागलेलं तेल बोटांत चोळलं आणि वास घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, पेटी आहे की गेली ते आत्ता नाही सांगता येणार, तेल फिरतंय का ते बघायला लागेल.

मी म्हटलं, नीट सांग, मला चौथीपर्यंतच शाळा आहे पण मी बहिरी नाही. त्याने सांगितलं. या गाडीच्या गिअरच्या पेटीत तेल असतं आणि पेटीतला एक पंप ते फिरवत राहतो. काम करून तेल तापतं. तापलं की ते एका नळीने पुढे रेडिएटरच्या पोटातल्या कूलरमध्ये येतं, तिथे गार होतं आणि दुसऱ्या नळीने परत पेटीत जातं. फिरणं कमी झालं की तेल तापत राहतं, आणि तापलेल्या तेलावर गिअर धरत नाही. चढावर जोर लागतो, म्हणून तिथे अडकते.

हे मला लगेच कळलं. मी जन्मभर दूध विकलं. सकाळी काढलेलं धारोष्ण दूध नासू नये म्हणून किटली बावीच्या, विहिरीच्या, गार पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवायचे. गार झालं तर दूध टिकतं. मी त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “बरोबर काकी. पण तुमची किटली जागेवर बसून असायची. हितं दूधच गावभर फिरून परत किटलीत यायला हवंय.”

तपासायची रीत अशी होती. परत जाणारी नळी कूलरजवळ सोडवायची, तिच्या जागी एक रबरी नळी लावायची, तिचं तोंड भांड्यात धरायचं आणि इंजिन थोडाच वेळ चालवायचं. चांगल्या गाडीत तेवढ्या वेळात लिटरभर तेल पडतं. जास्त वेळ चालवायचं नाही, कोरडी पडून चांगली असलेली पेटीही बिघडेल. पडलं तेवढं नवं तेल लगेच वरून घालायचं. त्यासाठी त्याने लाल तेलाचे डबे आणले होते.

भांडं म्हणून त्याने पाण्याची एक प्लास्टिकची बाटली वरून कापून आणली होती. कापलेल्या कडा लुळ्या पडत होत्या. मी म्हटलं, हे काय माप आहे? यात लिटर कुठून कळणार? मी आत जाऊन माझं दुधाचं माप घेऊन आले. अल्युमिनियमचं, लांब दांड्याचं, लिटरचं. म्हशी विकल्यापासून ते चुलीमागच्या खिळ्याला टांगलेलं होतं. मेकॅनिक हसला. म्हणाला, काकी, दुधाचा धंदा बंद केलात तो बरा केलात, आता तेलाचा काढा. मी म्हटलं, काढीन, पण तुझ्यासारखं पाणी घालून विकणार नाही.

सून सीटवर बसली. गाडी पार्कच्या गिअरमध्ये ठेवायची, ब्रेक धरून ठेवायचा, सांगितलं की चालू आणि सांगितलं की बंद, एवढंच तिचं काम. तिने खिडकीतून मान बाहेर काढली होती. मेकॅनिक पुढच्या बाजूने अर्धा गाडीखाली गेला. मी गाडीच्या नाकासमोर उकिडवी बसले आणि माप नळीखाली धरलं. मला कोणी धरायला सांगितलं नव्हतं. पण माप माझं होतं.

नात पडवीत बसून बघत होती. तिला मी आधीच दम दिला होता की तिथून उठायचं नाही.

मेकॅनिक म्हणाला, “चालू कर.” इंजिन लागलं. नळीचं तोंड जरा थरथरलं आणि तेल आलं. आलं म्हणजे काय, दोऱ्यासारखी धार. म्हशीचं आचळ रिकामं झाल्यावर शेवटी ओढून ओढून जी धार निघते ना, तशी. मापाचा तळ कसाबसा झाकला. तेल लाल नव्हतं. काढ्यासारखं काळपट होतं. मेकॅनिकने बंद करायला सांगितलं. त्याने गाडीखालून विचारलं, काकी, किती झालंय? मी माप कलतं करून बघितलं. पावशेरही नव्हतं. मी तसं सांगितलं.

सुनेने मान आत घेतली. मी बाजूने वाकून बघितलं, तर तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि ती समोर बघत होती. समोर बॉनेट उघडं असल्यामुळे तिला काही दिसत नव्हतं. ती त्या पत्र्याकडेच बघत होती.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? त्या क्षणी मला वाटलं, राहिल्या दोघी. उद्या सकाळी नातीला आंबोळ्या घालाव्यात असंसुद्धा माझ्या डोक्यात येऊन गेलं. आणि त्याच वेळी मापातून वर येणारा वास माझ्या नाकात गेला. जळका वास होता, आणि जळक्याच्या आत दुसरा एक वास होता. तो मी ओळखला. मुलगा बोटीवर होता तेव्हा घरी आला की त्याचे कपडे मी बावीवर वेगळे धुवायचे. इतर कपड्यांत घातले तर सगळ्यांना वास लागायचा. तो बोटीच्या इंजिनाच्या तेलाचा वास होता. गाडीत तो कुठून आला, हे मला लगेच आठवलं.

मुलगा गेला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गाडीच्या पेटीतून तेल गळत होतं. तो खळ्यात, घरापुढच्या अंगणात बसून, कृत्रिम पाय सरळ पुढे टाकून, नरसाळ्याने तेल घालत होता. डबा हर्णे बंदरातल्या एका बोटवाल्याने दिलेला होता. मी विचारलं, अरे, बोटीचं तेल गाडीला चालतं काय? तो म्हणाला, “आई, गिअर तो गिअर. बोटीच्या गिअरला हेच घालतात. समुद्रात चालतं ते तुझ्या भाट्याच्या रस्त्यावर नाही चालणार?” मला ते पटलं. सुनेलाही पटलं. बोटीवर वाढलेल्या घरात कोणालाही पटलं असतं. लाल तेल वेगळं असतं, आणि या पेटीला तेच लागतं, हे आमच्यापैकी कोणाला माहीत होतं? तो त्यानंतरही एक-दोनदा तसंच तेल घालत राहिला.

मी माप खाली ठेवलं. मला वाटलं तपासणी संपली. मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले तर मेकॅनिक म्हणाला, अजून नाही. त्याने समजावलं की परतीच्या नळीत तेल नाही याचे दोन अर्थ होतात. एक तर पंपच मेला आहे, म्हणजे पेटी गेली. नाही तर पंप चांगला आहे आणि तेल मध्ये कूलरमध्येच अडकतंय. कोणतं ते बघायचं तर कूलरमध्ये जाणारी नळी सोडवायची. तिथे जोर असेल तर पेटी जिवंत.

मी पुन्हा खाली बसले. त्याने नळी बदलली, लाल तेल वरून घातलं. मी मापातलं काळं तेल एका डब्यात ओतलं आणि माप पुन्हा धरलं.  

त्याने चालू करायला सांगितलं.

या वेळी तेल आलं ते रिकाम्या मापावर आवाज करत आलं. नुकत्याच व्यालेल्या म्हशीची पहिली धार भांड्यावर आपटते तसा. माप बघता बघता भरलं, काठावरून माझ्या मनगटावर आलं, तिथून लुगड्यावर. गरम होतं. मी हात काढला नाही. मेकॅनिक ओरडला, बंद, बंद. इंजिन बंद झालं तरी नळीतून तेल ठिबकत होतं. तो गाडीखालून बाहेर सरकला आणि मापाकडे बघून म्हणाला, “पेटी जिवंत हाय, वहिनी. कूलर तुंबलाय फक्त.”

सून खिडकीतून मान बाहेर काढून हसली. मुलगा गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. मोठ्याने, तोंड उघडून हसली. आणि मग तिची नजर माझ्याकडे गेली आणि तिने तोंड मिटलं. मला तिच्या हसण्याचं काही वाटलं नाही. तोंड मिटलं त्याचं वाटलं.

मेकॅनिकने कूलरच्या दोन्ही नळ्या सोडवल्या आणि उलट्या बाजूने हवा मारली. दुसऱ्या टोकातून काळा गाळ आला. उन्हात धरला तर त्यात बारीक चकाकी होती, सुरमईच्या अंगावर असते तशी. पेटीच्या आतल्या चकत्या झिजून त्यांची ही पूड झाली, असं तो म्हणाला. कशाने झिजल्या असं सुनेने विचारलं. तो गाळाकडे बघत राहिला. त्याने तो वास माझ्याही आधी ओळखला असणार, बोटींवर त्याची निम्मी हयात गेली आहे. तो म्हणाला, जुनी गाडी आहे, कशानेही झिजतात.

मला ते सहन झालं नाही. मेलेल्या माणसाची चूक झाकून ठेवली की तो माणूसही थोडा झाकला जातो. मी म्हटलं, “माझ्या मुलाने बोटीचं तेल घातलं. तुला वासावरून कळलंय. बोल की तसं.”

तो म्हणाला, “त्यानं एकट्यानं नाय घातलंन, काकी. बंदरातल्या चार गाड्या मी अशाच उघडल्यात. आम्हाला सगल्यांना बोटच ठाऊक.”

सून गाळाकडे वाकली. तिने तो गाळ बोटाने उचलला, नाकाजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी तिच्याकडे बघणं सोडून दिलं आणि हात धुवायला बावीवर गेले. राख लावून धुतले, साबण लावून धुतले. वास गेला नाही. मापाचाही गेला नाही.

जुना कूलर आतून साफ होण्यातला नव्हता. त्याला बाजूला टाकून रेडिएटरच्या पुढे दुसरा वेगळा कूलर बसवायचा असं ठरलं. तो मागवून येईपर्यंत मध्ये काही दिवस गेले. गाडी खळ्यात बॉनेट उघडं टाकून उभी होती. कोंबड्या तिच्याखाली सावलीला बसायच्या. आम्ही दोघी घरात एकमेकींच्या बाजूने जायचो आणि मिठाचं, सरपणाचं, नातीच्या खोकल्याचं बोलायचो.

एका दुपारी मी पडवीत नारळ सोलत होते. सून दुकानातून लवकर आली आणि माझ्यासमोर खांबाला टेकून बसली. म्हणाली, “आई, तुम्हाला काय वाटतं? जाऊ की नको?”

मी म्हटलं, “मला काय वाटतं ते कशाला विचारतेस? गाडी चालते की नाही ते विचार.”

“तेच विचारते. तुम्हाला काय वाटतं?”

मी कोयती खाली ठेवली. “मला तुम्ही दोघी इथे हव्यात,” मी म्हटलं. “पण तुझ्या कामाशी त्याचा काही संबंध नाही.”

 ती म्हणाली, “हे आधी का नाही बोललात?”

“आधी गाडी बंद होती. जिला जाताच येत नाही तिला राहा म्हणण्यात काय अर्थ आहे गो? आता चालेल. आता बोलले.”

“आणि आता मी जाते म्हटलं तर?”

“तर जा. साड्यांच्या घड्या घालून पोरीचं शिक्षण व्हायचं नाही.”

तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग मला म्हणाली, तुम्हीही चला. मी म्हटलं, व्याह्यांच्या घरात मी कुठे बसू? चुलीजवळ बसले तर तुझ्या आईला आवडणार नाही, ओट्यावर बसले तर तुझ्या बापाला. आणि माझ्या कोंबड्या कोण बघणार? ती म्हणाली, कोंबड्या घेऊन चला. मी म्हटलं, त्यांनाही व्याह्यांकडे मान लागतो. तेव्हा ती रडता रडता हसली.   मी उरलेले नारळ सोलले.

नवा कूलर बसवला त्या सकाळी मेकॅनिकने शेवटची तपासणी केली. पहिल्या वेळेसारखीच, परतीच्या नळीवर. त्याच्याकडे या वेळी चांगली खुणा केलेली बाटली होती. मी म्हटलं, ती ठेव तुझ्याकडे, आणि माझं माप आणलं. सून सीटवर, तो गाडीखाली, मी नाकासमोर. इंजिन लागलं. तेल लाल आलं, गर्द, रातांब्याच्या आगळासारखं. माप काठापर्यंत आलं तसं त्याने बंद करायला सांगितलं.

“किती, काकी?”

“भरलं.”

“काठोकाठ?”

“काठोकाठ. दूध असतं तर वर थोडं घालून दिलं असतं.”

त्याने नळी परत जोडली, तेल पुरं केलं, पट्टी बघितली, आणि सुनेला सांगितलं की चढावरून फिरवून आण. ती गेली आणि आली. पुन्हा गेली आणि आली. अडकली नाही. मेकॅनिकने जाताना गाडीत एक लाल तेलाचा डबा ठेवला आणि डब्यावर हात ठेवून तिला सांगितलं, हेच, दुसरं कुठलं नाही. तेव्हा कोणी कोणाकडे बघितलं नाही.

शिमग्याची पालखी घरी येऊन गेली, नारळ ठेवला, ओटी भरली, आणि दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. सामान जास्त नव्हतं. तिच्या साड्या, नातीचं दप्तर, मुलाचा एक फोटो. त्याचा कृत्रिम पाय न्यायचा का असं तिने विचारलं. मी म्हटलं, राहू दे इथे. मी तांदूळ, कोकमं आणि सोललेले नारळ गाडीत भरले. नात पुढच्या सीटवर बसली आणि मला म्हणाली, आजी, आम्ही रविवारी येऊ. तिच्या आईने तसं तिला सांगितलं असणार. मी म्हटलं, या. कोणता रविवार ते मी विचारलं नाही.

सुनेने वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला अजून तेलाचा वास होता, की मलाच तसं वाटलं, माहीत नाही. ती गाडीत बसली, दार लावलं. खिडकीतून मला तिचा पाय दिसला. तिने डावा पाय मागे घेतला आणि सीटखाली दुमडला. तसा पाय घ्यायला तिला आता कोणाला सांगावं लागत नाही.

गाडी निघाली. मी गडग्यापाशी, दगडी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. चढ सुरू होतो तिथे काजूच्या झाडाआड गाडी दिसेनाशी होते, मग फक्त ऐकायचं. त्या आडोशात, अर्ध्या चढावर, ती नेहमी अडकायची. मी कान देऊन उभी होते. इंजिनाचा आवाज एकसारखा वर गेला. कुठे फुगला नाही, कुठे तुटला नाही. रस्त्याला लागली तसा बारीक झाला आणि मग खाडीवरच्या पुलाकडच्या दुसऱ्या गाड्यांत मिसळला.

मी परत आले. खळ्यात गाडी उभी असायची तिथे तेलाचा काळा डाग पडला आहे. त्यावर दोनदा माती टाकली, पायाने दाबली. तो खालून परत वर येतो. माप मी पुन्हा खिळ्याला टांगलं आहे. मला एकटीला लिटरचं काही मोजायचं नसतं.